तिसरं लाल कार्ड : खानापूर तालुक्यातल्या एका वॉकरचं प्रकरण

पंचवीसपैकी एकविसावी फेरी चालू होती. ती तिसरी होती, दुसरीच्या मागे फार तर चाळीस मीटर. वळणावरून बाहेर पडताना मुख्य पंच ट्रॅकच्या कडेला आले आणि त्यांनी लाल पॅडल, म्हणजे दांडीची छोटी पाटी, तिच्यासमोर धरलं. तिला आधी उमगलंच नाही. आणखी सात-आठ पावलं ती तशीच गेली, मग आतल्या गवतावर सरकली आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभी राहिली. वीस वर्षांखालच्या मुलींची १०,००० मीटर चालण्याची शर्यत तिच्यापुरती ८,२०० मीटरच्या आसपास संपली.

मी तिचा हायस्कुलातला पी.टी. शिक्षक. पुढे कोचही मीच झालो, कारण दुसरं कुणी नव्हतं. ती जांबोटीच्या बाजूची. घरी भातशेती, थोडे काजू. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली, आता पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. नाव देत नाही, तालुका लहान आहे. पण प्रकरण तपशिलात लिहितोय, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात आता दोन-चार शाळांतली मुलं वॉककडे वळली आहेत. आमच्याकडून जे चुकलं ते त्यांच्याकडून चुकू नये असं मला मनापासून वाटतं.

नियम आधी सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे. चालण्याच्या शर्यतीत दोनच अटी. एक, जमिनीशी संपर्क तुटलेला माणसाच्या डोळ्याला दिसता कामा नये. दोन, पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्या क्षणापासून शरीर त्याच्यावर सरळ उभं येईपर्यंत गुडघ्यात वाकलेला असता कामा नये. पहिली चूक झाली की मैदानावर ‘लिफ्टिंग’ म्हणतात, दुसरीला ‘बेंट नी’. पंचांच्या हातातल्या पिवळ्या पॅडलवर पहिलीसाठी नागमोडी रेघ असते, दुसरीसाठी कोन. पिवळं पॅडल म्हणजे नुसती सूचना. चूक स्पष्टच दिसली की पंच लाल कार्ड लिहितो. एका वॉकरला एक पंच एकच लाल कार्ड देऊ शकतो. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन कार्डं मुख्य पंचाकडे पोचली की तो लाल पॅडल दाखवतो, म्हणजे बाद. मोठ्या स्पर्धांत आता तिसऱ्या कार्डाला थांबाजागेत उभं करतात, १० किलोमीटरला एक मिनिट, २० किलोमीटरला दोन मिनिटं, आणि चौथ्याला बाद. आमच्या स्पर्धेत ती सोय नव्हती.

पंच कॅमेरा वापरत नाहीत. नुसत्या डोळ्यांनी बघतात, प्रत्येकजण आपापला, एकमेकांना न विचारता.

ती घरी पोचायच्या आधी बातमी गावात पोचली होती. संध्याकाळी मी गेलो तेव्हा सोप्यात दहा-बारा माणसं बसलेली. तिचे आज्जा पूर्वी पंचक्रोशीतल्या कुस्ती मैदानांत पंच म्हणून उभे राहायचे, त्यांचा शब्द गावात चालतो. ते म्हणाले, “पळाली न्हाई, पडली न्हाई, कुणाला धक्का दिला न्हाई. पोरगी चालालती. चालण्यात माणसाला बाद कसं करतात ओ सर?”

प्रश्न अगदी रास्त होता. मी उत्तर जुळवतोय तोवर मागून कुणीतरी म्हणालं, “मराठी शाळेची पोर, वर येऊ देतील काय?” आणि सोप्यातल्या सगळ्या माना हलल्या.

हे वाक्य आमच्याकडे जिभेवर तयारच असतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेची सल अजून जिवंत आहे, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि घराघरांत त्यावर बोलणं चालतं. ती सल खरी आहे. मी स्वतः त्यातलाच आहे. पण त्या संध्याकाळी मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ती कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकत होती, आणि हे उत्तर तिला पटलं असतं तर तिची चाल कधीच सुधारली नसती. ज्याचा दोष पंचाच्या मनात आहे, तो आपला गुडघा कशाला बघेल?

म्हणून मी तिथंच जे माहीत होतं ते मांडलं. कार्डं तीन पंचांची, तीन ठिकाणांहून आलेली. शर्यतीआधीच्या सूचना कन्नडमधून होत्या, पण तिला कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं, एकही शब्द सुटला नव्हता. पहिली आलेली मुलगी बेंगळुरूकडची, तिलाही एक लाल कार्ड होतं. मग मी सिडनीची गोष्ट सांगितली. २००० च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल २० किलोमीटरला सगळ्यांच्या पुढे होती. देश तिचा, शहर तिचं, स्टेडियम तिच्या नावानं दणाणत होतं. आत शिरायच्या बोगद्याच्या तोंडाशी तिला लाल पॅडल दाखवलं. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या २० किलोमीटरला मेक्सिकोचा बर्नार्डो सेगुरा पहिला आला. देशाचे राष्ट्राध्यक्ष फोनवरून त्याचं अभिनंदन करत होते, तेवढ्यात त्याला बाद झाल्याचं कळवलं. सोनं पोलंडच्या रॉबर्ट कोझेन्योव्स्कीला मिळालं. आणि हाच कोझेन्योव्स्की १९९२ ला बार्सिलोनात ५० किलोमीटरला दुसऱ्या नंबरवर असताना स्टेडियममध्ये येता येता बाद झाला होता.

आज्जांनी शेवटी एवढंच विचारलं, “मग त्या बार्सिलोनावाल्यानं पुढं काय केलं?”

चार ऑलिंपिक सोनी, असं मी सांगितलं. १९९६ ला ५० किलोमीटर, २००० ला दोन्ही अंतरं, २००४ ला पुन्हा ५०. सॅव्हिलनं २००४ ला अथेन्समध्ये कांस्य घेतलं. आंतरराष्ट्रीय वॉकरच्या कारकिर्दीत बाद होणं हा अपघात नसतो, बहुतेकांच्या वाट्याला ते येतंच. आपल्याला दिसत नसलेली चूक दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला जो त्यानंतर शिकतो, तोच पुढे जातो. मला या खेळाबद्दल जे काही सांगायचं आहे ते एवढंच आहे.

दुसऱ्या दिवशी निकालपत्रक घेऊन आम्ही दोघं बसलो. पहिलं कार्ड नवव्या फेरीला, कोनाचं. दुसरं सोळाव्या फेरीला, नागमोडी. तिसरंही नागमोडी.

“सर, मला तर वाटालतं मी बरोबरच चालालतो.” (आमच्याकडे मुली स्वतःबद्दल आलो-गेलोच म्हणतात.)

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मिनिटाला १९० पावलं पडत असताना दोन्ही पाय जमिनीपासून सुटले की नाही हे शरीराला कळत नाही. डोळ्यालासुद्धा साधारण चार शतांश सेकंदापेक्षा कमी वेळाचं सुटणं दिसत नाही. जगातले मोठमोठे वॉकर त्या फटीतच चालतात. स्लो मोशनमध्ये बघितलं तर जवळपास सगळेच क्षणभर हवेत असतात, आणि नियमालाही ते माहीत आहे, म्हणून तर त्यात ‘डोळ्याला दिसेल असं’ हे शब्द आहेत.

एका सहकाऱ्याचा फोन मागून घेतला, सेकंदाला २४० चित्रं घेणारा. शाळेच्या पटांगणात पाण्याच्या कॅनला टेकवून तो जमिनीलगत, घोट्याच्या उंचीवर ठेवला आणि तिला समोरून शर्यतीच्या वेगानं जायला सांगितलं. मग स्टाफरूममध्ये एकेक चित्र पुढे सरकवत मोजलं. मागच्या पायाचा अंगठा सुटला, तिथून एक. दोन, तीन, चार. बाराव्या चित्रात टाच अजून जमिनीवर आलेली नाही. चौदाव्याला टेकली. चौदा चित्रं म्हणजे जवळजवळ सहा शतांश सेकंद. तिनं फोन माझ्या हातातून घेतला, पुन्हा मागे नेला, पुन्हा मोजलं. नंतर बराच वेळ काही बोलली नाही.

त्याच चित्रात गुडघाही दिसत होता. टाच टेकताना तो मोकळा, किंचित दुमडलेला.

गावात सगळे म्हणायचे, ही लहानपणापासून डोंगरवाटेनं शाळेत जाते, ही चालणार नाही तर कोण चालेल? मीही तेच समजत होतो, आणि तिथंच आम्ही फसलो. खानापूरच्या पश्चिमेला पावसाळ्यात जो चालून बघेल त्याला कळेल. निसरड्या तांबड्या मातीवर, दगडांवरून, भाताच्या बांधावरून ताठ गुडघ्यानं पाऊल टाकलं तर माणूस आडवाच होतो. रोप लावणीच्या चिखलात तर गुडघा सैल सोडल्याशिवाय पाय निघतच नाही. तिच्या पायांनी पंधरा वर्षं हेच शिकून घेतलं होतं, पडू नये म्हणून गुडघा दुमडून ठेवायचा. जे तिला जपत होतं तेच ट्रॅकवर चूक ठरलं. वॉकरला शोधायचं तर रोज लांब चालणारं पोर बघू नका, टाच टेकताना ज्याचा गुडघा आपसूक सरळ होतो ते बघा.

लिफ्टिंगचं कारण मात्र वाटेत नव्हतं. ते मी होतो. स्पर्धेच्या दोन महिने आधी वेळ कमी करायच्या नादात मी तिला रोज ओरडून सांगत होतो, “पाऊल लांब टाक, लांब!” लांब पावलानं वेळ खरंच कमी झाला, १०,००० मीटरला ५२ मिनिटांपर्यंत आला. पण पाय शरीराच्या फार पुढे पडू लागला, आणि तेवढं अंतर गाठायला मागच्या पायानं ढकललेलं शरीर हवेत उचललं जाऊ लागलं. थकल्यावर तर जास्तच. सोळावी आणि एकविसावी फेरी उगाच आल्या नाहीत. मी तिच्याकडे आणि तिच्या आईकडे हे कबूल केलं. आई म्हणाली, “तुम्हाला तरी कुणी शिकवलंय सर?” ते बोल मला अजून टोचतात, कारण ते खरं आहे. मी पुस्तकातून आणि व्हिडिओतून शिकलो. आमच्या तालुक्यात चालण्याच्या शर्यतीचा पंच नाही. त्या शर्यतीच्या आधी तिच्यासमोर कुणी कधी पॅडल धरलेलं नव्हतं, आणि माझ्या हिशेबी या सगळ्या प्रकरणातली मोठी उणीव हीच होती.

म्हणून पॅडल घरी केली. वह्यांच्या खोक्याचा पुठ्ठा, पिवळा कागद, मार्करनं एका बाजूला नागमोडी रेघ, दुसऱ्या बाजूला कोन, आणि दांडीला खराट्याची काठी. पंच म्हणून मी पुरेसा नव्हतो, मी तिच्या बाजूचा. तिचा भाऊ एका वळणावर, तिची मैत्रीण दुसऱ्यावर, आणि तिसऱ्यावर कोण, असा प्रश्न होता. आज्जा म्हणाले, “मी हुभा राहतो.”

मला आधी बरं वाटलं नाही. ज्यांनी सोप्यात पंचांवर बोट ठेवलं, ते काय दाखवणार? पण कुस्तीच्या पंचाचा डोळा वेगळाच असतो. दोन्ही खांदे लागले की नाही, पाठ टेकली की कुशीवरच राहिली, हे त्यांनी आयुष्यभर माती उडत असताना, हजार माणसं ओरडत असताना, वाकून बघितलेलं. पहिल्या सकाळी ते काठीचा आधार घेत रस्त्याच्या कडेला खाली वाकले आणि ती समोरून गेल्यावर मला म्हणाले, “डावा पाय उशिरा येतोय खाली. उजवा बरा हाय.” फोनवर बघितलं. डाव्या पायाला चित्रं दोनानं जास्त होती.

त्यानंतर आज्जांनी नातीला कधी सूट दिली नाही. एका सकाळी चार वेळा पॅडल दाखवलं म्हणून ती चिडून घरी निघून गेली. ते शांतपणे म्हणाले, “रागावू दे. तिथं रागावण्यापरीस हितं रागावलेलं बरं.”

सरावाची जागा हा दुसरा घोर. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतची वाट उताराची. उतारावर पाऊल आपोआप लांबतं आणि लिफ्टिंग वाढतं. आम्ही उलटं केलं, हळुवार चढाचा साडेतीनशे मीटरचा तुकडा धरला, चढून जायचं आणि परत साध्या चालीनं यायचं. चढावर हवेत राहायला वाव कमी, आणि मागच्या पायानं ढकलणंही पक्कं होतं. शनिवारी बेळगावला कॅम्प भागातल्या सपाट रस्त्यावर. पाऊस धरला की शाळेचा व्हरांडा, अठ्ठावीस मीटर, तिथं फक्त तंत्र. फरशीच्या एकाच ओळीवर दोन्ही पाऊलं, पंजा वर, टाच आधी, कंबर पुढे-मागे फिरवत. कंबरेच्या त्या फिरण्यानंच पाऊल न उडता लांबतं. पहिल्या तीन आठवड्यांत नडगीच्या पुढचा स्नायू इतका दुखू लागला की आठ दिवस सगळं बंद ठेवावं लागलं. नवीन मुलांना हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर हाड मोडलं की काय या भीतीनं घरचे पाठवणं बंद करतात.

कंबरेवरून आठवलं. रस्त्यावर ती चालायला लागली की मोटरसायकलवाले वेग कमी करतात, हसतात, काहीबाही बोलतात. मुलगी असल्यानं जास्तच. राजस्थानच्या भावना जाटनं लोकांच्या नजरा चुकवण्यासाठी भल्या पहाटे सराव केला आणि २०२० च्या फेब्रुवारीत रांचीत १ तास २९ मिनिटं ५४ सेकंदांत २० किलोमीटर चालून टोकियो ऑलिंपिकची पात्रता गाठली, हे तिला माहीत आहे. आम्हीही पहाटे पाचला सुरू करतो. पण अंधारात चालावं लागतं याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. आता तिचे वडील सायकलवर मागे असतात.

आकडे थोडक्यात. ५२ मिनिटांत १०,००० मीटर म्हणजे मिनिटाला १९२ मीटर. १९० पावलं धरली तर एक पाऊल एक मीटर एक सेंटीमीटरचं. त्याच वेगासाठी पावलं २०० केली की पाऊल ९६ सेंटीमीटरवर येतं. पाच सेंटीमीटर, म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढं अंतर. एवढ्यासाठी आम्ही चार महिने घातले. फोनवर पावलांच्या तालाचे ठोके लावून, आधी दोनशे मीटर, मग चारशे, मग हजार. चौदा चित्रं अकरावर आली, पावसाळा संपता संपता आठवर. आठ म्हणजे सव्वातीन शतांश सेकंदांच्या आसपास, डोळ्याच्या फटीच्या आत. थकल्यावर नऊ-दहा होतात. ते अजून जायचं आहे.

या मधल्या काळात चंदगडच्या पाहुण्यांनी सुचवलं की तिला महाराष्ट्रातून खेळवा. पलीकडे गेली की सगळं सोपं होईल असा त्यांचा समज. राज्य बदलायचं तर कागदपत्रं, परवानगी, मधला वेळ. आणि गुडघा तोच घेऊन ती तिकडे जाणार होती. पंचांचा नियम घाटाच्या दोन्ही बाजूंना एकच आहे. मी विरोध केला, तिनंही नको म्हटलं. पुढे ती वेगळं ठरवेल तर तो तिचा हक्क आहे.

पुढचा रस्ता काय, हेही घरच्यांनी विचारलं. मी खोटी आशा दाखवली नाही. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य घेताना प्रियांका गोस्वामी १०,००० मीटर ४३ मिनिटं ३८ सेकंदांत चालली. आमची मुलगी आठ मिनिटांहून जास्त मागे आहे. प्रियांका रेल्वेत आहे, त्याच स्पर्धेत कांस्य घेणारा संदीप कुमार सैन्यात. म्हणजे या खेळातून नोकरीची वाट निघू शकते, पण आधी राष्ट्रीय पातळीवर टिकायला हवं. आणि २०२६ पासून मोठ्या स्पर्धांची अंतरं २० आणि ३५ किलोमीटरवरून अर्ध मॅरेथॉन आणि मॅरेथॉन झाली आहेत. तिला २१ किलोमीटरची सवय हळूहळूच लावायची. अजून दोन वर्षं तरी मी तिला लांब पल्ल्याला हात लावू देणार नाही.

दुसरी शर्यत दिवाळीनंतर झाली. मी तिला एकच सांगितलं होतं, वेळ बघू नको, ठोके मोज. ती पाचवी होती, मग चौथी. चौदाव्या फेरीला एका पंचानं नागमोडी पिवळं दाखवलं. मी कठड्याला घट्ट धरून उभा होतो. तिनं मान वर न करता खांदे खाली सोडले, हात आखूड केले आणि पावलांचा आवाज बदलला. टप-टप-टप, जवळजवळ. शेवटपर्यंत तो आवाज तसाच राहिला. ५३ मिनिटं आणि काही सेकंद, चौथा नंबर, पदक नाही. आधीच्यापेक्षा मिनिटभर सावकाश, पण पंचवीसच्या पंचवीस फेऱ्या.

निकालपत्रक लागलं तेव्हा ती धावत जाऊन बघून आली. एक लाल कार्ड होतं. नागमोडी नाही, कोनाचं, तेविसाव्या फेरीला, स्टँडसमोरच्या वळणावरच्या पंचाचं.

बसमध्ये खिडकीशी बसून तिनं घरी फोन लावला. नंबर सांगितला, वेळ सांगितली. मग म्हणाली, “आज्जाला द्या.” पलीकडून ते आल्यावर तिनं आधी कार्डाचंच सांगितलं. नंतर बराच वेळ ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “डावाच असंल काय ओ? उद्या नको, परवा बघूया. पॅडल भिजलंय, नवीन करून ठेवा.”